टेबलावरून उतरलेला कॉम्प्युटर: छोट्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावलेला अख्खा कॉम्प्युटर. टेबलावर, भिंतीतल्या प्लगवर आणि घरच्या वायफायवर जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्ट चालतो. तोच बोर्ड सायकलवर, गाडीत, रोबोटवर किंवा पाठीवरच्या पिशवीत गेला की रुसायला लागतो. खालचे बरेचसे प्रश्न त्या रुसव्याचे आहेत. ‘पाय’ म्हटलं की रास्पबेरी पाय समजावा, कारण बहुतेकांच्या हाताशी तोच असतो. दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डांनाही यातलं पुष्कळ लागू पडतं.

सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर आणि आर्डुइनो यात फरक काय?

पायवर पूर्ण लिनक्स चालतं. फाइल्स, नेटवर्क, एकाच वेळी पन्नास प्रोग्रॅम, सगळं काही. आर्डुइनोवर ऑपरेटिंग सिस्टिमच नसते, फक्त तुमचा एक प्रोग्रॅम असतो. वीज दिली की क्षणात सुरू आणि काढली की बंद, बिघडण्यासारखं मागे काही उरत नाही. पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आला तेव्हा त्यात ७०० मेगाहर्ट्झचा एक कोअर आणि २५६ एमबी रॅम होती. २०२३ च्या पाय ५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. मुख्य बोर्डाचा आकार मात्र तेव्हापासून साधारण ८५ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे पाकिटातल्या बँक कार्डाएवढाच राहिला.

मग माझ्या प्रोजेक्टला पाय हवाच का?

बऱ्याचदा नको असतो, आणि हे विकत घेण्याआधी कोणी सांगत नाही. दर दहा मिनिटांनी तापमान मोजून पाठवायचं आणि बॅटरी महिनोन्‌महिने पुरवायची असेल, तर ईएसपी३२ (वायफाय असलेली, आर्डुइनोच्या जातीची छोटी चिप) घ्या. तो मधल्या वेळात गाढ झोपतो आणि त्या झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये करंट खातो. पायला अशी झोप जमत नाही. तो जागा तरी असतो, नाहीतर बंद.

कॅमेऱ्याच्या चित्रावर काही करायचं आहे, नकाशे दाखवायचे आहेत, डेटाबेस ठेवायचा आहे, दोन-तीन यूएसबी उपकरणं एकत्र चालवायची आहेत, असं काही असेल तर पाय शोभतो. मला स्वतःला जोडगोळी आवडते: मोटर आणि सेन्सरची वेळेला बांधलेली कामं पाय पिकोसारख्या मायक्रोकंट्रोलरकडे (आर्डुइनोसारखी, एकच प्रोग्रॅम चालवणारी चिप), विचार करायचं काम पायकडे आणि दोघांमध्ये एक यूएसबी केबल. लिनक्स मधेच दुसऱ्या कामात गुंतून दोन मिलिसेकंद उशीर करतं. माणसाला ते कळत नाही, पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरला कळतं.

कोणता बोर्ड घेऊ?

बॅटरीवर चालवायचा असेल तर आधी पाय झीरो २ डब्ल्यू बघा. ६५ बाय ३० मिलिमीटर, चार कोअर, ५१२ एमबी रॅम. अडचणी दोन: वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आणि यूएसबी डेटाचं भोक एकच, तेही मायक्रो. ब्राउझर उघडून नकाशा दाखवायचा असेल तर ५१२ एमबी लगेच संपते, मग पाय ४ कडे जा.

पाय ५ वेगवान आहे, पण फिरत्या कामासाठी मी तो शेवटी धरतो. त्याला ५ व्होल्टला ५ अँपिअर हवे असतात. बहुतेक पॉवर बँका ५ व्होल्टवर ३ अँपिअरला थांबतात. जास्त वॉट द्यायचे तर त्या ९ किंवा १२ व्होल्टवर चढतात, आणि ते व्होल्टेज पाय ५ घेतच नाही. ३ अँपिअरवर तो चालतो, पण यूएसबीला जोडलेल्या सगळ्या उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. मग डिस्क मधूनच गायब होते आणि माणूस डिस्कला शिव्या घालतो.

इतर कंपन्यांचे बोर्ड वाईट नाहीत. बीगलबोन ब्लॅकमध्ये अ‍ॅनालॉग इनपुट (कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणाऱ्या पिना) आणि अचूक वेळेच्या कामासाठी दोन वेगळे छोटे प्रोसेसर आहेत, ते पायमध्ये नाहीत. चित्रं ओळखण्याचं जड काम असेल तर एनव्हिडियाचा जेटसन. ऑरेंज पाय, ओड्रॉइड, रॅडक्सा यांचे आकडे कागदावर अनेकदा पायपेक्षा सरस दिसतात. पण आकडे बघण्याआधी त्या बोर्डाची सिस्टिम इमेज (कार्डावर लिहायची तयार ऑपरेटिंग सिस्टिम) शेवटची कधी अपडेट झाली ते बघा. दोन वर्षं कोणी हात लावला नसेल तर पुढे तोच त्रास तुमच्या वाट्याला येणार.

स्क्रीनवर मधूनच विजेचं चिन्ह येतं. अ‍ॅडॅप्टर तर चांगला आहे!

अ‍ॅडॅप्टर चांगला असेलही, केबल बघा. पायवरचं व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेलं की ते चिन्ह येतं आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. स्क्रीन जोडलेली नसेल तर चिन्ह दिसतच नाही, बोर्ड नुसता हळू झाल्यासारखा वाटतो.

हिशोब करून बघा. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये बहुधा २८ गेजची तार असते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. करंट जातो एका तारेने आणि येतो दुसरीने, म्हणजे एक मीटर केबलला ०.४२ ओहम. पाय ४ ने १ अँपिअर ओढला की वाटेतच ०.४२ व्होल्ट गळाले. पॉवर बँकेतून बरोबर ५ निघाले तरी बोर्डावर ४.५८ पोचले. कॅमेरा सुरू झाला, करंट वाढला की आणखी खाली. पायचे अधिकृत अ‍ॅडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतात ते याच गळतीसाठी, आणि त्यांची केबल जाड आणि कायमची जोडलेली असते तीही याचसाठी.

म्हणून केबल आखूड आणि जाड घ्या. २० गेजची तार असेल तर तीच गळती सहाव्या हिश्श्यावर येते. टर्मिनलमध्ये ‘गेट थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा देऊन बघण्याची सवय लावा. उत्तर शून्य आलं तर सुरू केल्यापासून व्होल्टेज एकदाही पडलेलं नाही. दुसरं काही आलं तर कोडमधली चूक शोधत बसू नका, आधी वीज आणि तापमान बघा. विचित्र चुका, वायफाय तुटणं, कार्ड खराब होणं, यूएसबी गायब होणं, यांच्या मुळाशी इतक्या वेळा वीज निघाली आहे की आता माझा पहिला प्रश्न तोच असतो.

दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर पाय किती वेळ चालेल?

तो आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्टपर्यंत चढवताना काही भाग उष्णतेत जातो, हातात ३१ च्या आसपास उरतात. आता भागाकार करा. पाय झीरो २ डब्ल्यू हलक्या कामाला १ वॉटच्या आगेमागे घेतो, म्हणजे एक दिवस आणि वर थोडं. पाय ४ मध्यम कामाला ४ वॉट धरला तर साडेसात तास. स्क्रीन जोडली तर तिचे वॉट वेगळे मोजा, अनेकदा स्क्रीनच बोर्डापेक्षा जास्त खाते.

अंदाजापेक्षा मोजणं बरं. यूएसबीच्या मधे लावायचा छोटा मीटर मिळतो. तुमच्याच प्रोजेक्टला तासभर जोडून ठेवा, खरा आकडा कळेल.

पॉवर बँक मधेच आपोआप बंद होते. बिघडली का?

नाही, तिला वाटतं फोन चार्ज झाला. करंट फार कमी असेल तर काही सेकंदांनी ती झोपते, आणि पाय झीरोचा करंट खरोखरच तेवढा कमी असू शकतो. माझा रात्रभर पक्ष्यांचे आवाज टिपायला ठेवलेला झीरो असाच अर्ध्या मिनिटात गप्प झाला होता. सकाळी फाइल उघडली तर त्यात माझाच ‘ठेवू का इथे?’ एवढा आवाज. ‘कमी करंट’ किंवा ‘नेहमी चालू’ अशी सोय असलेली पॉवर बँक घ्या.

दुसरी खोच: बँक चार्ज होत असतानाच पायलाही वीज देईल, हे गृहीत धरू नका. काही बँका देतच नाहीत. काही देतात, पण प्लग लावताना-काढताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. खंड चालणार नसेल तर पायसाठी बनवलेला यूपीएस बोर्ड घ्या.

१८६५० सेल (लॅपटॉपमध्ये असायचे ते लांबट गोल लिथियम सेल) थेट जोडले तर?

एक सेल थेट जोडून भागत नाही. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, रिकामा होत ३ च्या जवळ. पायला सलग ५ लागतात. मधे व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर हवा, सेलला संरक्षक सर्किट हवं आणि चार्जिंग लिथियमच्याच चार्जरने व्हायला हवं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, वय माहीत नसलेले सेल एकमेकांना समांतर जोडू नका. फुगलेला किंवा दबलेला सेल घरात ठेवूच नका. या बाबतीत काटकसर म्हणजे आगीशी खेळ, शब्दशः.

गाडीत बसवायचा आहे. वीज कुठून घेऊ?

गाडीचे १२ व्होल्ट नावालाच १२ असतात. इंजिन चालू असताना १४ च्या वर, स्टार्टर फिरवताना ९ किंवा त्याहीखाली आणि वर अधूनमधून झटके. म्हणून गाडीसाठीच बनवलेला ५ व्होल्टचा कन्व्हर्टर घ्या आणि बॅटरीच्या बाजूला फ्यूज टाका. फ्यूज बोर्ड वाचवायला नसतो, तार पेटू नये म्हणून असतो.

खरी अडचण किल्ली काढल्यावर येते. किल्लीबरोबर जाणारी वीज दिली तर पाय प्रत्येक वेळी अर्ध्यात मरतो. कायम असणारी वीज दिली तर तो रात्रभर बॅटरी पितो. ५ वॉटचा बोर्ड म्हणजे १२ व्होल्टला ०.४ अँपिअर, दिवसाला दहा अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ४० च्या आसपास असते, म्हणजे दोन दिवस गाडी उभी राहिली की अर्धी गेली. उपाय असा: कायमच्या तारेवर पाय चालवायचा, किल्लीची तार ऑप्टोकप्लरमधून (थेट तार न जोडता प्रकाशाने सिग्नल पोचवणारा छोटा भाग) पायच्या एका पिनला द्यायची, तो सिग्नल गेला की पायने रीतसर बंद व्हायचं आणि मिनिटभराने टायमर रिले वीज पूर्ण तोडणार. हे सगळं करणारे तयार बोर्डही मिळतात. पहिल्याच प्रयत्नात असाल तर तयार घ्या.

नुसता प्लग उपटला तर काय होतं?

नव्वद वेळा काही होत नाही, म्हणूनच सवय लागते. एक्क्याण्णवाव्या वेळी कार्डावर काहीतरी लिहिलं जात असतं आणि बोर्ड पुन्हा सुरूच होत नाही. एसडी कार्ड आतल्या आत मोठमोठे तुकडे पुसून पुन्हा लिहितं. तुम्ही एक ओळ लिहिलीत तरी मधेच वीज गेली तर शेजारची फाइलही बिघडू शकते.

फिरत्या प्रोजेक्टला प्लग उपटला जाणारच, असं धरून चाला. रास्पबेरी पाय ओएसच्या सेटिंगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू करता येते. मग कार्ड फक्त वाचलं जातं, सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि वीज गेली की पुसलं जातं. तुमच्या नोंदी मात्र जपायच्या असतात, त्या वेगळ्या पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर लिहा, दर ओळीला नव्हे तर मिनिटामिनिटाने एकगठ्ठा. कार्ड घेताना डॅशकॅमसाठी विकली जाणारी ‘हाय एंड्युरन्स’ जात बघा, सतत लिहिण्यासाठीच ती बनवलेली असतात.

बंद करायला स्क्रीन-कीबोर्ड कुठून आणू?

एक बटण पुरतं. पाय ५ वर ते बोर्डावरच आहे. त्याआधीच्या पायवर जीपीआयओ ३ (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रॅमने चालवता येणाऱ्या पिना) आणि शेजारची ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची पिन यांच्यामध्ये बटण लावा, म्हणजे पाचवी आणि सहावी पिन. कॉन्फिग फाइलमध्ये शटडाउनची ओव्हरले ओळ (dtoverlay=gpio-shutdown) घातली की बटण दाबल्यावर बोर्ड रीतसर बंद होतो, आणि बंद बोर्ड तेच बटण दाबल्यावर जागा होतो. एवढंच लक्षात ठेवा की जीपीआयओ ३ ही आय-टू-सीची (सेन्सरशी दोन तारांवर बोलण्याची पद्धत) क्लॉकची तारही आहे. आय-टू-सी सेन्सर लावलेला असेल तर बंद करायला दुसरी पिन निवडावी लागेल आणि जागं करण्याची सोय जाईल.

घरी नोंदींची वेळ बरोबर असते, बाहेर मात्र कालचीच तारीख येते. का?

पाय ५ सोडला तर पायमध्ये घड्याळच नाही. वेळ इंटरनेटवरून येते. नेट नसेल तर मागच्या वेळी बंद होताना टिपलेली वेळ तो पुढे रेटतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते. इतरांना डीएस३२३१ चं मॉड्यूल जोडा, वर्षाला साधारण मिनिटभरच चुकतं. जीपीएस असेल तर उपग्रहाकडूनच वेळ घ्या.

५ व्होल्टचा सेन्सर पिनला जोडला तर चालतो का?

आज चालेल. उद्या पिन जाईल, कदाचित बोर्डही. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ सहन होत नाहीत. अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा नेहमीचा गुन्हेगार, त्याची एको पिन ५ व्होल्ट टाकते. एको आणि पायच्या पिनमध्ये १ किलोओहम, पायच्या पिनपासून ग्राउंडला २ किलोओहम लावा, पिनवर ३.३३ येतील. दोन रेझिस्टर वाचवायला जाऊन मी एक पिन कायमची गमावली आहे. तो बोर्ड अजून चालतो, फक्त त्या पिनवर काही जोडायचं नाही हे त्याच्या डबीवर लिहून ठेवलंय.

एका पिनमधून १६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नका. एलईडी चालेल, मोटर किंवा रिलेची कॉइल नाही.

अ‍ॅनालॉग सेन्सर कसा वाचायचा?

पायला अ‍ॅनालॉग इनपुट नाही. एमसीपी३००८ ही चिप एसपीआयवर (चिपांशी बोलण्याच्या ठरलेल्या पिनांवर) जोडा: आठ चॅनेल, १० बिट, म्हणजे ३.३ व्होल्टचे १०२४ भाग.

मोटर सुरू केली की पाय रीस्टार्ट होतो.

दोघांची बॅटरी एकच आहे ना? मोटर सुटताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि पाय पडतो. पायला वेगळी बॅटरी द्या, निदान वेगळा कन्व्हर्टर द्या, पण ग्राउंड एकत्र जोडा. ते विसरलं तर मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाला सिग्नल कळतच नाही आणि मोटर वेड्यासारखी वागते. जुना एल२९८एन ड्रायव्हर सगळीकडे मिळतो, पण तो स्वतः २ व्होल्टच्या आसपास गिळतो. ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला साडेपाचही मिळत नाहीत. छोट्या रोबोटला टीबी६६१२ बरा.

सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) थरथरत असेल तर पल्स सॉफ्टवेअर देतंय. पीसीए९६८५ बोर्ड लावा, तो सोळा सर्व्हो स्वतः सांभाळतो.

बाहेर वायफाय नाही. पायमध्ये शिरू कसं?

पायलाच हॉटस्पॉट करा आणि फोनवरून जोडा, हे सर्वांत सोपं. झीरोवर आणखी एक सोय आहे: यूएसबी केबलने लॅपटॉपला लावला की तो नेटवर्क कार्ड म्हणून दिसू शकतो. दोन्ही घरी करून, तपासून मगच निघा.

जीपीएस जोडलं, पण सिरियलवर (एकेक बिट डेटा येणाऱ्या तारेवर) कचरा येतो.

तीन गोष्टी बघा. सिरियलवर लॉगिन कन्सोल चालू आहे का? हार्डवेअर चालू ठेवून लॉगिन बंद करा. वेग जुळतोय का? नेहमीची मॉड्यूल ९६०० वर बोलतात. तिसरं, ब्लूटूथ असलेल्या बऱ्याच पायवर चांगला यूआर्ट (सिरियल चालवणारा भाग) ब्लूटूथने अडवलेला असतो आणि पिनांना दुय्यम यूआर्ट मिळतो. ब्लूटूथ नको असेल तर बंद करा, चांगला परत मिळतो. कचरा नाही पण जागाच सापडत नाही, असं असेल तर अँटेना आकाशाकडे करा. घरात, खिडकीपासून लांब बसून जीपीएस तपासण्यात लोकांच्या संध्याकाळी गेल्या आहेत.

सुरू झाल्याबरोबर माझा प्रोग्रॅम चालायला हवा.

सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस लिहा. दहा ओळींची फाइल असते. तिच्यात ‘रीस्टार्ट ऑलवेज’ घाला, म्हणजे प्रोग्रॅम पडला तरी उठतो. सगळा बोर्डच गोठला तर? त्यासाठी आत हार्डवेअर वॉचडॉग आहे, ठरलेल्या सेकंदांत त्याला थोपटलं नाही तर तो बोर्ड रीसेट करतो. डोंगरावर किंवा खांबावर बसवलेल्या प्रोजेक्टला तो हवाच.

तापतो का? पंखा लावू?

८० अंशांपाशी वेग कमी करायला लागतो, स्वतःला जाळून घेत नाही. झीरोला पंखा नको. पाय ४ ला बंद डबीत निदान हीटसिंक हवा, पाय ५ ला पंखा. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे कशाचंच काही चालत नाही, सीटखाली बसवा. धातूची डबी उष्णता छान काढते आणि वायफायही तितकंच छान अडवते.

जुन्या सूचनांप्रमाणे तंतोतंत केलं, तरी चालत नाही.

तुमची चूक नाही, मधल्या काळात पाया बदलला. ‘पाय’ नावाचा तयार युजर एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकला, आता कार्ड लिहितानाच इमेजर या कार्ड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये युजर, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायमध्ये शिरण्याची सोय) भरायचं. कॅमेऱ्याच्या जुन्या आज्ञा गेल्या, त्यांच्या जागी लिबकॅमेरा आला. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून पिप (पायथनच्या लायब्ररी बसवणारी आज्ञा) थेट सिस्टिममध्ये काही बसवू देत नाही, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टपुरता वेगळा कप्पा करावा लागतो. आणि पाय ५ वर पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्याने जुनी आरपीआय-जीपीआयओ लायब्ररी तिथे चालत नाही. जीपीआयओ-झीरो ही लायब्ररी वापरून लिहिलेला कोड सहसा सगळीकडे चालतो, नवीन काही लिहाल तर त्यातच लिहा.

बाहेर पडताना बरोबर काय ठेवू?

चालत्या कार्डाची हुबेहूब प्रत असलेलं दुसरं कार्ड, तपासलेली जादा केबल, मल्टिमीटर आणि थोडी चिकटपट्टी. पिनांवर नुसत्या खोचलेल्या जंपर वायरी खडबडीत रस्त्यावर अर्ध्या तासात सुटतात, त्या घरीच सोल्डर करून घ्या. आणि कुठली वायर कुठल्या पिनला आहे याचा एक फोटो फोनमध्ये असू द्या.